गिरणीमागच्या तळ्यातली पिवळी माती

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरातलं आमच्या गिरणीमागचं तळं पार आटलं. ते तळं काही देखणं नव्हतं. गिरणीच्या रंगखात्याचा नाला त्यात येऊन मिळायचा, त्यामुळे तिथं कुणी पोहायला जात नसे. म्हशी मात्र जात. लहानपणी आम्ही भावंडं नाल्याच्या पुलावरून वाकून बघायचो आणि आज गिरणीत कुठला रंग चाललाय ते एकमेकांना सांगायचो. एका दिवशी पाणी निळं असायचं, दुसऱ्या दिवशी तांबडं. घरी गेल्यावर अप्पांना विचारलं की आमचा अंदाज बरोबर निघायचा.

अप्पा म्हणजे माझे वडील. त्या रंगखात्याचे ते मास्तर होते. मुंबईहून रंगशास्त्राची पदविका घेऊन आलेले. आमच्या लिंगायत घराण्यात तोवर सगळ्यांनी भुसारी दुकानंच चालवली होती, त्यामुळे त्यांच्या शिक्षणाचं मोठं कौतुक होतं. रंगाच्या हौदांमध्ये आयुष्य घालवलं तरी त्यांचं धोतर पांढरं स्वच्छ असे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुष्काळ पडला त्याच्या थोडं आधीच ते निवृत्त झाले होते.

मी तेव्हा एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. लग्नाची बोलणी चालू होती, पण त्या वर्षी कुणी लग्न काढायच्या मनःस्थितीत नव्हतं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना अव्वा, म्हणजे माझी आई, रोज कानडीत काहीतरी पुटपुटायची. मी सकाळी कॉलेजला जायचे, दुपारी घरी यायचे. एवढंच.

एके दिवशी भूगर्भशास्त्राचे सर आमच्या प्रयोगशाळेत आले. मूळचे कोकणातले. सोलापूरचं ऊन त्यांना कधीच मानवलं नाही; वर्गात शिरतानासुद्धा छत्री मिटायला विसरत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला शिसं आणि क्रोमियम ओळखता येतं का?"

"पोरांना तेच शिकवते की सर."

"प्रयोगशाळेतल्या क्षारात नव्हे. चिखलात."

मग त्यांनी खुर्चीवर बसून सगळं सांगितलं. सोलापूरला येण्यापूर्वी ते एका संशोधन संस्थेत होते आणि खाडीच्या गाळावर काम करत होते. खाडीच्या वरच्या अंगाला जुनी खाण होती, खालच्या अंगाला कारखाने. पाणी वाहून जातं, पण पाण्यातलं जड असेल ते गाळात बसतं, आणि गाळ वर्षावर्षानं चढत जातो. उभी नळी ठोकून गाळाचा खांब काढला तर खाली जुनी वर्षं आणि वर अलीकडची वर्षं मिळतात. "पण खाडीत भरती-ओहोटी असते, ती सगळं ढवळून टाकते. कुठलं कधीचं ते धड कळत नाही. तुमचं हे तळं शांत आहे. आता ते आटलंय आणि त्यात खणायला लोकही लागलेत. असं परत कधी मिळणार?"

तळ्यातला गाळ काढायचं दुष्काळी काम नुकतंच निघालं होतं. दुसऱ्या दिवशी मी सरांबरोबर तिथं गेले.

तळाच्या मध्यावर माणसांची रांग दिसत होती. पुरुष कुदळी मारत होते, बायका पाट्या उचलून काठावर नेत होत्या. काठावर बैलगाड्या उभ्या होत्या. तळ्याचा गाळ शेतात घातला की जमीन सुधारते हे कुणाला सांगावं लागत नाही, आणि इथं तो फुकट मिळत होता. नाल्याच्या तोंडाशी चर चांगला खोल गेला होता. सर आधी उतरले, मग मी पदर खोचून उतरले.

चराची उभी भिंत मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. वर काळा, चिकट, तेलकट वास येणारा थर. त्याखाली हिरवट-मातकट रंगाचा पट्टा, हाताच्या वितीएवढा जाड. त्याखाली पिवळा. म्हणजे पिवळसर नव्हे, चांगला झेंडूसारखा पिवळा, मध्ये मध्ये काळे डाग पडलेला. पिवळ्याच्या खाली कोळशाची राख आणि जळून घट्ट झालेले खंगर, आणि सगळ्यांत तळाला आपली नेहमीची काळी माती, तिच्यात शंखशिंपले.

"राख दिसते तिथं तुमची गिरणी सुरू झाली," सर म्हणाले. "बॉयलर पेटला तो दिवस. त्याच्याखाली गिरणी नाही."

पिवळ्याचं त्यांनाही नवल वाटलं. असे रंग गाळात पडून राहिले की बहुतेक काळे पडतात. इथं नाल्याच्या तोंडाशी थर जाड होता म्हणून आतला रंग टिकला असावा, असं ते म्हणाले. आम्ही भिंतीतून थराथराची माती कापून काढली, डब्यांत भरली आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तळ्याच्या दुसऱ्या टोकालाही खणून माती घेतली. तिथं हेच पट्टे होते, पण सुतासारखे बारीक.

मी डबे भरत असताना एक बाई पाटी खाली ठेवून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. अक्कलकोटकडच्या एका गावातून त्यांची टोळी कामावर आली होती. तिनं विचारलं, "अक्का, तुमीबी पिवळी माती न्यायला आलाव का?"

"तुम्ही नेता?"

"लई जनी नेत्यात की. कुडाला सारवायला. आमच्या गावाकडं असली माती मिळत न्हाय."

मी तेव्हा नुसती हसले. तिच्या बोलण्यात काही चुकीचं आहे असं माझ्या ध्यानातच आलं नाही. माती खरोखरच सुरेख होती.

प्रयोगशाळेत काम सुरू झालं. कॉलेज सुटल्यावर पोरं गेली की मी बसायचे. गॅस वरचेवर जायचा, मग स्पिरिटचा दिवा. माती वाळवायची, कुटायची, सोडा आणि सोरा घालून निकेलच्या मुशीत लाल होईतो तापवायची. क्रोमियम असेल तर वितळलेला रस पिवळा होतो. तो पाण्यात विरघळवून, आम्ल घालून, पुण्याहून मागवलेल्या एका औषधाचे थेंब सोडले की जांभळा रंग चढतो. तळाच्या काळ्या मातीत काही चढला नाही. हिरवट पट्ट्यात असा चढला की परीक्षानळीच्या पलीकडचं दिसेना. पिवळ्यातही चढला.

शिशाची परीक्षा मी दरवर्षी पोरांना करून दाखवायचे. शिशाच्या द्रावात पोटॅशियम आयोडाइड घातलं की पिवळा साका येतो. गरम केलं की तो नाहीसा होतो आणि थंड होताना सोन्याच्या वर्खासारखी चकचकीत पानं नळीत खाली खाली येतात. पोरं खूष होतात. पिवळ्या मातीतून शिसं वेगळं काढायला मला बरेच दिवस लागले, कारण मातीत लोखंड फार. पण एका संध्याकाळी नळी थंड व्हायला ठेवली आणि ती पानं उतरायला लागली. मी खिडकीशी उभी राहून बघत होते आणि एकदम मला ती बाई आठवली. कुडाला सारवायला.

घरी अप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "अप्पा, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत गिरणीत खाकी रंगवायचे ना?"

"रंगवायचे म्हणजे? मीच रंगवायचो." त्यांचा चेहरा खुलला. "लष्कराचं कापड. लोखंडाचे क्षार आणि क्रोमचे क्षार एकत्र मुरवायचे, मग सोड्यातून काढायचं. ऊन, पाऊस, घाम, कशानं उतरायची नाही ती खाकी. साहेब येऊन पाठ थोपटून गेला होता."

"आणि उरलेलं पाणी?"

"नाल्यात."

"आणि पिवळा? झेंडूसारखा?"

"तो त्याच्या आधीचा. शिशाचा एक क्षार, शिशाची साखर म्हणायचो आम्ही त्याला, आणि क्रोमचं बायक्रोमेट. मी लागलो तेव्हा तोच चालायचा. पुढं चांगले रंग आले, मग बंद केला." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "का विचारतेस?"

मी सांगितलं. चराची भिंत, पट्टे, जांभळा रंग, सोन्याची पानं, सगळं. हिरवट पट्टा म्हणजे त्यांची खाकी आणि पिवळा म्हणजे त्यांच्या नोकरीची सुरुवात, हे मी उत्साहाच्या भरात सांगत होते. कोडं सुटल्याचा आनंद होता तो. त्यांनी पेपरची घडी घातली.

"म्हणजे माझ्या रंगखात्याचा पंचनामा करायला निघालीस."

"तसं नाही अप्पा."

"तसंच आहे. गिरणीनं या गावाला पोसलं. तुला शिकवलं. त्या नाल्याचं पाणी कुणी प्यायलं नाही कधी."

ते उठून आत गेले. चहा तसाच राहिला. त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे 'जेवलीस का' एवढं बोलायचे, पण अव्वामार्फत.

मी सरांना पिवळ्या मातीचं सांगितलं. शिसं पोटात गेलं तर काय होतं हे त्यांना माहीत होतं, मलाही पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातली माणसं कारखान्यात काम करणारी होती. आम्ही दोघे तळ्यावर गेलो तेव्हा ती बाई सुकडीच्या, म्हणजे दुष्काळी कामावर फुकट वाटायच्या पौष्टिक पिठाच्या, रांगेत उभी होती. मी तिला म्हटलं, "मावशी, तुमचं घर दाखवा."

काठाच्या पलीकडे त्या टोळ्यांनी झोपड्या उभ्या केल्या होत्या. तुराट्यांचे कूड, वर गोणपाट आणि पत्रे. त्यातल्या कितीतरी कुडांना ती पिवळी माती सारवलेली होती. त्या उजाड, धुरकट माळावर मावशीचं घरकुल खरंच छान दिसत होतं. मावशीनं कडेला चुन्याची बोटंही ओढली होती.

आत सावलीत तिची सून बसली होती. पोटुशी, दिवस बरेच भरलेले. आमच्याकडे बघत ती कुडाच्या कोपऱ्याला नखानं खरवडत होती आणि बोट तोंडात घालत होती. तिला कळतही नसावं.

"हे काय करतेय ती?" सरांनी मला हळूच विचारलं.

मावशीनंच उत्तर दिलं. "मातीचे डव्हाळे लागल्यात तिला. मीबी खाल्लीया पोटुशी आस्ताना. समद्याच खात्यात."

"मावशी, ही माती तसली नाही," मी म्हणाले. "हिच्यात शिसं आहे. विष आहे. गिरणीच्या रंगाचं आहे ते."

तिनं मला खालून वर न्याहाळलं. रागानं नव्हे. शिकलेल्या पोरी काहीबाही बोलायला लागल्या की बघतात, तशा नजरेनं. "विष आस्तं तर म्हशी मेल्या आस्त्या की. त्या रोज बसत्यात तितं."

"लगेच मरत नाही कुणी. हळूहळू अंगात भिनतं. बाळाला जास्त."

"तुमी बघितलंय का कुनाला झालेलं?"

मी बघितलं नव्हतं. मावशी म्हणाली, "गिरणीचं विष म्हणताव. मग गिरणीतल्या मानसानं येऊन सांगू द्या की. तुमी तर कॉलेजातल्या."

तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. परतताना सर म्हणाले, "तुमचे वडील..." आणि वाक्य अर्धंच सोडून भराभर पुढं चालू लागले. मी त्यांना घरचं अबोल्याचं सांगितलं नव्हतं, पण बहुधा त्यांना अंदाज होता.

संध्याकाळी मी अप्पांच्या समोर जाऊन बसले. या वेळी मी रसायनशास्त्र सांगितलं नाही. तुराट्यांच्या झोपड्या, पिवळे कूड, चुन्याची बोटं आणि त्या मुलीचं नख, एवढंच सांगितलं. अप्पा ऐकत होते की नाही तेही कळत नव्हतं. त्यांची नजर अंगणातल्या वाळलेल्या तुळशीकडे होती. मग त्यांनी विचारलं, "कितव्या महिन्यातली आहे?"

"सातवा-आठवा असेल."

"हं," ते म्हणाले आणि उठून गेले.

सकाळी मी कॉलेजला निघाले तर ते लिंगपूजा आटोपून, छत्री घेऊन दारात उभे. "चल, कुठं आहे ते दाखव."

तळ्यावर पोचल्यावर ते थेट चरात उतरले. मी हात द्यायला गेले तर त्यांनी झिडकारला. भिंतीपुढे ते उभे राहिले. हिरवट पट्ट्यावर बोट फिरवलं, चिमटीत माती घेऊन चोळली, उन्हात धरून बघितली. मग खालच्या पिवळ्याला हात लावला. एखादं कापड तपासावं तसं ते सगळं बघत होते. माझ्या मनात आलं की आता ते म्हणतील, ही आमची नव्हेच. ते म्हणाले, "पिवळा कच्चाच राहायचा आमचा. अर्धा कापडावर बसायचा, अर्धा धुण्यात जायचा. आम्हाला वाटायचं, गेला."

मावशीला मी बोलावून आणलं. तिच्याबरोबर आणखी बायका आल्या, गाडीवाले दोन-तीन शेतकरी आले. कामावरचा तरुण इंजिनियर काय चाललंय म्हणून आला. मावशीची मायबोली कानडी आहे हे तिच्या पहिल्या शब्दावरूनच अप्पांच्या ध्यानात आलं आणि पुढचं बोलणं कानडीतच झालं. मी ते मराठीत सांगते.

"ताई, मी या गिरणीचा रंगमास्तर होतो. ही पिवळी माती मी केलेली आहे."

"माती कोण करतं?"

"रंग मी केला. नाल्यात मी सोडला. त्यात शिसं होतं आणि बायक्रोमेट होतं. बायक्रोमेटच्या हौदावर आमची माणसं उभी राहायची. त्यांच्या हातांना जखमा व्हायच्या, त्या भरायच्या नाहीत. काहींच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडायचं. मी त्यांना व्हॅसलीन द्यायचो आणि परत हौदावर लावायचो."

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. आमच्या घरात खाकीची गोष्ट खूपदा सांगितली जायची, साहेबानं पाठ थोपटल्याची. नाकाच्या पडद्याची कधी सांगितली नव्हती. अप्पांचा आवाज नेहमीसारखाच होता, कामाच्या सूचना देतानाचा.

"ती माणसं कुठं आहेत?" मावशीनं विचारलं.

"काही आहेत. एक गिरणीच्या चाळीत राहतो. त्याचं नाक बघायचं असेल तर चला, मी नेतो."

मावशीनं वळून झोपडीच्या दिशेनं हाक मारली, "ए पोरी, बाहेर ये. भिंतीपासून लांब बस."

पुढचा सगळा दिवस खरवडण्यात गेला. अप्पांनी खुरपं मागून घेतलं. "कोरडं खरवडू नका, धूळ उडेल. आधी ओलं करा." पण पाणी कुठून आणायचं? टँकर दिवसाआड यायचा आणि घागरीसाठी भांडणं व्हायची. शेवटी बायकांनी भांडी धुतलेलं पाणी राखून ठेवलं होतं ते काढलं. फडकी बुडवून कूड ओले केले, मग खरवडले, खाली गोणपाट अंथरून माती गोळा केली. अप्पा त्या सुनेच्या कुडापाशी स्वतः बसले होते. संध्याकाळी त्यांचं धोतर गुडघ्यापासून खाली पिवळं झालं होतं. अव्वानं ते धुवायला घेतलं तेव्हा त्यांनी तिला हात लावू दिला नाही. पुढं ते त्यांनी जाळलं.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. पलीकडच्या टोळीतल्या बायका म्हणाल्या, आमच्यात पोटुशी कुणी नाही, आमची भिंत राहू द्या. अप्पा दोन-तीन वेळा गेले. मग काहींनी खरवडली, काहींनी तशीच ठेवली.

गाळाच्या गाड्यांचा प्रश्न अवघड होता. इंजिनियर भला माणूस, पण त्याच्या हातात फारसं नव्हतं. "काढलेला गाळ शेतकऱ्यांना द्यायचा असा आदेश आहे," तो म्हणाला. "बदलायचा तर वर कळवावं लागेल."

"कळवा," सर म्हणाले. "पण उत्तर येईपर्यंत नाल्याच्या तोंडाकडच्या गाड्या तिकडं वळवा." त्यांनी छत्रीनं दगडाच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीकडे बोट दाखवलं. तिथं जवळपास विहीर नव्हती, एवढं सरांनी बघून ठेवलं होतं. तळ्याच्या दुसऱ्या टोकाचा गाळ न्यायला हरकत नव्हती. त्यात रंग नावापुरताच होता. राखेच्या खालची काळी माती तर अगदी स्वच्छ होती.

इंजिनियरनं जरा विचार केला आणि मुकादमाला बोलावलं. वरून उत्तर आलं की नाही मला आठवत नाही. गाड्या मात्र त्या दिवसापासून वळल्या.

एका शेतकऱ्यानं नाल्याच्या तोंडाचा गाळ आधीच रानात पसरला होता. तो अप्पांना बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, आता काय करू? पसरलेला गाळ परत भरता येतो व्हय?"

अप्पांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "जेवढा वर दिसतो तेवढा खरवडून बांधाला लावा. त्या तुकड्यात मेथी, चाकवत, पालेभाजी काही लावू नका. पुढं काय होईल ते खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

"ज्वारी पेरू का?" त्यानं विचारलं.

"पाऊस तर येऊ दे आधी," मग शेतकरी स्वतःच स्वतःला म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

नंतर एक दिवस अप्पा कॉलेजात आले. मी वर्ग घेत होते, ते मागच्या बाकावर येऊन बसले. पोरं गेल्यावर म्हणाले, "ती सोन्याची पानं दाखव." मी नळी तापवली आणि थंड होऊ दिली. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. "शिकताना आम्हीही केली होती ही," ते म्हणाले. "मुंबईला. मार्क चांगले पडले होते."

त्याच आठवड्यात ते गिरणीच्या मॅनेजरला भेटायला गेले. नाला तळ्यात सोडण्यापूर्वी एक हौद बांधा, त्यात रंग खाली बसू दे, मग पाणी सोडा, असं त्यांचं म्हणणं. मॅनेजरनं चहा पाजला, आपुलकीनं विचारपूस केली आणि दुष्काळ संपल्यावर बघू म्हणाला. दुष्काळ संपला. तळं भरलं. नाला वाहतच होता, आणि आम्ही खणून स्वच्छ केलेल्या तळावर नवा थर चढायला लागला. अप्पा दर दोन-तीन महिन्यांनी गिरणीत जात राहिले. त्यांच्याबरोबरचे जुने लोक त्यांना टाळायला लागले. निवृत्त मास्तराला दुसरं काम नाही, असं कुणी म्हटल्याचंही घरी पोचलं. अव्वा म्हणाली, कशाला जाता? ते म्हणाले, "मी नाही गेलो तर कोण जाईल? त्यात रंग मी सोडलाय, बाकीच्यांनी नाही." हौद बांधला गेला, पण काही वर्षांनी, तेही अर्धाच. तो भरला की कुणी उपसत नसे.

सरांनी आमच्या कामावर एक निबंध लिहिला आणि एका परिषदेत वाचला. माझं नाव त्यांनी आपल्या आधी घातलं. पुढं त्यांची बदली कोकणात झाली, तेव्हा एकदा त्यांनी मला खाडीवर बोलावलं. गुडघाभर चिखलात नळी ठोकताना ते म्हणाले, "बघा, इथं काहीच शांत नाही." तिथल्या थरांचा अर्थ लावायला आम्हाला तळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

पाऊस झाल्यावर मावशीची टोळी गावाकडे गेली. सून त्याआधीच बाळंत झाली होती, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये. अप्पांनीच तिला तिथं पोचवण्याची व्यवस्था केली. मुलगी झाली. वजनानं कमी होती, पण त्या वर्षी वॉर्डात जन्मलेली बहुतेक सगळीच बाळं तशी होती. मी डॉक्टरीणबाईंना शिशाचं सांगितलं तेव्हा त्यांनी नीट ऐकून घेतलं. रक्तातलं शिसं बघायची सोय सोलापुरात नाही, त्या म्हणाल्या, आणि असती तरी उपाय काय करणार?

पुढं कधीमधी मावशी शहरात बाजाराला यायची, तेव्हा आमच्या घरी चक्कर टाकायची. शेंगांची चटणी आणायची, अप्पांशी कानडीत गप्पा मारायची. नात उशिरा चालायला लागली आणि बोलायला तर फारच उशिरा. त्याला ती भिंत कारण होती, की पोटातली उपासमार, की तिचा मुळातलाच स्वभाव, हे आमच्या प्रयोगशाळेत ठरण्यासारखं नव्हतं. अप्पा दर खेपेला पहिला प्रश्न विचारायचे, 'नात बोलायला लागली का?' मावशी नाही म्हणाली की ते पाऊसपाण्याचं विचारायला लागायचे.

मग एका दिवाळीच्या सुमाराला मावशी नातीला बरोबर घेऊन आली. पोरगी उंबऱ्यात उभी राहून घरभर बघत होती. अप्पांनी कानडीत नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं, मग आईचं, मग आजीचं, मग बैलाचं, आणि बैल शेजाऱ्याचं पीक कसा खातो तेही सांगायला लागली.

"आता लई बोलतीया," मावशी म्हणाली. "गप बस म्हनलं तर बसत न्हाय."

अप्पांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि बैलाबद्दल आणखी विचारायला सुरुवात केली.